चाळीस अंशांची वॉरंटी

चहा ओता, पण हसू नका बरं. हा मूर्खपणा माझाच, तरी सांगताना अजून डोकं तापतं माझं!

निलंग्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. वर पत्रा. मे महिन्यात ऐन दुपारी कॉम्प्युटरमधून ‘फट्’ आवाज आला आणि जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला! दहावीचा निकाल तोंडावर. दुकान बंद राहिलं की सगळी पोरं समोरच्या सेंटरला जाणार, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का?

वॉरंटी होती म्हणून जीव भांड्यात. एसटीनं लातूर गाठलं. दुकानदारानं कार्ड उलटं करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“ताई, खोली चाळीस अंशाच्या आत पायजे. वर गेली की वॉरंटी न्हाई.”

चाळीस! अहो, मे महिन्यात चाळीस झालं तर आमच्याकडं लोक म्हणतात, आज जरा बरं आहे! हे कार्ड छापणाऱ्याला एक दुपार माझ्या पत्र्याखाली बसवायला पाहिजे. विकताना कुणी विचारलं होतं का, ताई, खोली किती तापते म्हणून? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

“माझी खोली गारेगार हाय,” मी ठोकून दिलं.

“मग कंपनीचा माणूस येऊन मोजंल.”

“येऊ द्या की! भिते का काय मी?”

झालं. परवा दुपारी माणूस येणार, असा निरोप आला. त्या दिवशी पहाटेपासून मी आणि नवरा कामाला लागलो. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं, त्यावर बादल्याच्या बादल्या पाणी. खिडकीला ओली पोती. घरचा कूलर आणला, शेजारणीचाही उचलून आणला, दोन्हींत बर्फ टाकला. नवरा तसा अबोल. एवढंच म्हणाला, “तो आला की तू बोलू नको.”

माणूस आला, घामानं निथळत. तापमापक टेबलावर ठेवून बसला. मी मूग गिळून उभी. दहा मिनिटांनी बघतो तर एकतीस!

“कमाल आहे मॅडम! पत्र्याखाली एकतीस?” त्यानं फॉर्मवर आकडा लिहिला. जिंकलो की हो! मी माठातलं पाणी दिलं. आता पेन खिशात जाणार, तेवढ्यात त्याला शंका आली.

“एवढ्या गार खोलीत पॉवर सप्लाय जळला कसा? मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटर नीट चालवता येतो ना?”

संपलं!

“मला येत न्हाई? नऊ वर्षं झाली चालवतीय मी! अहो, या पत्र्याखाली रोज पंचेचाळीस असतंय, पंचेचाळीस! सकाळी डब्यात घातलेली भाकर दुपारी तव्यावरून काढल्यागत लागती! आज पहाटंपासून पाणी वतून वतून कंबरडं मोडलं, तवा कुठं हे एकतीस आलंय! तुमच्या मशीनीत दम न्हाई अन् मला शिकवता व्हय?”

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, माझं म्हणणं त्याला पटलं.

त्या माणसानं शांतपणे एकतीस खोडलं, पंचेचाळीस लिहिलं. “मॅडम, इथं सही.”

आणि मी काय केलं असेल? रागाच्या भरात, झोकात, पूर्ण नावानिशी सही ठोकली! वर त्यालाच दम दिला, “लिवा, नीट लिवा! कळू द्या तुमच्या कंपनीला!”

तो नमस्कार करून गेला. त्याची मोटारसायकल वळणाआड गेली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मटकन खुर्चीत बसले.

“या मेल्या खोलीच्या गर्मीनं वॉरंटी खाल्ली बघा!” मी कडाडले.

नवरा पोती सोडवत होता. मागं न बघताच म्हणाला, “खोलीला कशाला बोल लावतीस? खोलीत एकतीसच होतं. पंचेचाळीस तुझ्या डोक्यात होतं.”