आमच्या मोठेबाबांचं आयरिश खानदान

आमचं घराणं एकदा अर्धा दिवस आयरिश होतं. सकाळी नव्हतं, दिवेलागणीलाही नव्हतं. मधल्या वेळात मात्र अगदी पक्कं होतं! आणि हे सगळं घडलं ते माझ्या बी.ए.मुळे.

गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरच्या दिवाळीच्या सुमाराची. आम्ही सिहोऱ्याचे, पिढ्यान्‌पिढ्या धान पेरणारे. घरात बाबा, आई, बाबांचे थोरले भाऊ दौलतराव (आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणायचो), मोठी आई, त्यांची मुलगी सुमनताई आणि मी. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला अख्ख्या घरात मी एकटाच. (एका झटक्यात नव्हे, पण झालेला!)

त्या दिवशी लाखनीहून सुमनताईला पाहायला पाहुणे येणार होते. आधीची दोन ठिकाणं हुकलेली. मागच्या पाहुण्यांनी तर मोठेबाबांच्या पांढऱ्या मिशा पाहून, "हे पोरीचे आजोबा का?" असं विचारलं होतं. तो घाव मोठ्या आईच्या जिव्हारी लागलेला. म्हणून सकाळीच तिने मोठेबाबांच्या मिशीला मेंदी थापली आणि त्यांना अंगणात खाटेवर उन्हात वाळत घातलं.

"हालू नोका. बोलू तर अजिबात नोका," तिने बजावलं.

तेवढ्यात गावात जीप शिरली.

त्या काळात जीप दिसली की पुरुषमंडळी काय करत, हे आज सांगून खरं वाटायचं नाही. नसबंदीवाले गेले होते, पण त्यांची धास्ती गेली नव्हती. जीपमधून एक उंच, लालबुंद गोरा साहेब उतरला, त्याच्या हातात नावं लिहिलेला कागद दिसला आणि कोणीतरी आरोळी ठोकली, "आले रे आले!" बघता बघता गावातले सगळे पुरुष उभ्या धानाच्या बांध्यांत गडप! आमचे बाबा सर्वांत पुढे. (घाईत पायातली एकच वहाण घेऊन गेले.) मोठेबाबा तेवढे मागे राहिले, कारण मिशी ओली होती. आणि मी राहिलो, कारण माझं लग्नच झालेलं नव्हतं.

"चिखला माइन का मेहमान है," जवळच्या मँगनीजच्या खाणीवरच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला. "सिहोरा सिहोरा कर रहा था, ले आया. अब तुम समझो." एवढं बोलून तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला.

साहेब माझ्याशी इंग्रजी बोलू लागला. काय बोलला ते मला पुढे नीट कळलं, म्हणून तुम्हाला आधीच सांगून टाकतो. हा होता आयर्लंडचा. त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ थॉमस तरुणपणी हिंदुस्थानात आला. तिकडच्या जुन्या शिरगणतीत एकदा त्याचं नाव दिसतं, पुढच्या शिरगणतीत गायब! साहेब त्याचा माग काढत इकडच्या एका जुन्या चर्चपर्यंत पोचला. तिथल्या लग्नाच्या नोंदीत थॉमस सापडला: धंदा रेल्वे गार्ड, राहणार सिहोरा. त्याची मुलंनातवंडं कोणी आहेत का, हे पाहायला साहेब आला होता.

यातले मला कळलेले शब्द पाच: 'आयर्लंड', 'ग्रँडफादर', 'चर्च', 'गार्ड' आणि 'सिहोरा'. बाकीचं मी स्वतः भरलं.

"काय म्हणते रे तो, दिवाकर?" मोठ्या आईने दारामागून विचारलं.

"ह्यायचे आजोबा आपल्या गावचे होते म्हणते. गार्ड होते. म्हंजे राखणदार."

"राखणदार तं तुहा आजा होता ना रे! गावच्या तलावाची राखण करे!"

हे खरं होतं. आता माझ्या आजोबांचं नाव टोमाजी. मी साहेबाला सांगितलं, "सर, अवर ग्रँडफादर आल्सो गार्ड. नेम टोमाजी."

"टॉमी?" साहेबाने हातातल्या कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. मग त्याचं लक्ष खाटेवर गेलं. मोठेबाबांचे डोळे जन्मापासून घारे. रंग गोरा. आणि मिशी, सुकत आलेल्या मेंदीखालून, लालभडक! साहेब हळूहळू जवळ गेला, छातीवर हात ठेवला आणि आपलं आडनाव सांगितलं:

"ओ'टूल!"

आता आमच्याकडे 'तुला-मला'चं 'तुले-मले' होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मोठेबाबांना ऐकू आलं, 'ओ, तुले!' मेंदी सांभाळत, ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "ओ... मले?"

साहेब थरारला. "ओ'मॅली? ओ'मॅली?"

कारण (हेही मला नंतर कळलं) त्याच्या आईचं माहेरचं आडनाव ओ'मॅली होतं!

"ओ'टूल!" साहेब पुन्हा छाती ठोकून म्हणाला.

"अरे मले काय? मले कायले बोलावून राहिला हा?"

साहेब माझ्याकडे वळला. डोळे भरलेले. "इज ही ओ'मॅली?"

मला वाटलं, तो 'फॅमिली' म्हणतोय. मी छाती फुगवून म्हणालो, "येस सर! फॅमिली! ऑल फॅमिली!"

झालं! साहेबाने मोठेबाबांना खाटेवरून उचलूनच मिठी मारली. मेंदीचा अर्धा भाग साहेबाच्या गालावर गेला. आता दोघंही सारखेच रंगलेले दिसू लागले.

"सोड बावा! मिशी! माही मिशी!" मोठेबाबा गुदमरून ओरडत होते. साहेबाला वाटलं, तेही गहिवरले.

बांध्यांत लपलेल्यांना कळेना, नसबंदीवाला गळाभेट कायले घेऊन राहिला? एकेक डोकं धानातून वर आलं. मी कुंपणावर उभा राहून जाहीर केलं, "भिऊ नोका! साहेब आपला नातेवाईक होय! आपले आजोबा आयर्लंडचे होते! चर्चातले!"

हे मी का म्हणालो? मलाही माहीत नाही. पण इतकी माणसं माझं ऐकतायत, हा अनुभव मला नवा होता.

बाबा एका वहाणेने परत आले. "आयर्लंड कुठं आलं रे?"

"इंग्लंडच्या बाजूले."

"आपली शेती हाये काय तिकडं?"

साहेबाने आपल्या घराण्याची वंशावळ जमिनीवर पसरली आणि एका फांदीखाली पेन्सिलने मोठेबाबांचं नाव लिहिलं: डॉलट. मोठेबाबा खूश झाले. आपलं नाव इतक्या मोठ्या कागदावर त्यांनी सातबाऱ्यानंतर प्रथमच पाहिलं होतं.

आणि नेमके त्या वेळी लाखनीचे पाहुणे दारात आले! मुलगा विलास, गोंदियाला रेल्वेत बुकिंग क्लार्क, त्याचे वडील, आणि मामा. वडील शांत, मुलगा त्याहून शांत. सगळं बोलणं मामांकडे. मामा एसटी स्टँडवर चहा प्यायला थांबले होते, आणि तिथे आमची बातमी त्यांच्या आधी पोचली होती.

"या जी, बसा जी," बाबा म्हणाले.

मामा बसले नाहीत. "दौलतराव, तुमचं मूळ गाव कोनतं?"

"सिहोराच. काहून?"

"मंग स्टँडवरचे लोकं काय म्हणून राहिले? तुमचा बाप साहेब होता म्हणे! चर्चात लगन झालं म्हणे!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"आमाले आपल्या लोकातली पोरगी पायजे," मामा म्हणाले. "विलायतची नाही."

एवढ्यात सुमनताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. साहेबाला कोणीतरी खुणेने सांगितलं, ही दौलतरावांची मुलगी. तो ताडकन उठला, गळ्यातली क्रूसाची चेन काढली आणि "माय डिअर कझिन!" म्हणत थेट तिच्या ट्रेमध्ये, साखरेच्या वाटीशेजारी ठेवली!

मामांनी वहाणा शोधायला सुरुवात केली. मोठी आई दारामागे रडू लागली. मोठेबाबा अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या मिशीने मला म्हणाले, "दिवाकर, माह्या पोरीचं हे तिसरं ठिकाण होय बापा. काहीतरी बोल." मी तोंड उघडलं. "नाही, तू नोको बोलू!" ते लगेच म्हणाले.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेला विलास पुढे झाला. त्याने सुमनताईच्या हातून कप घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. मग साहेबाशी सावकाश इंग्रजीत बोलायला लागला. (ते इंग्रजी मलाही कळत होतं, इतकं साधं होतं!) साहेबाने सगळी हकीकत सांगितली.

"रेल्वे गार्ड होते म्हणतात," विलास आम्हाला म्हणाला. "पण इथे स्टेशन कुठे आहे?"

सिहोऱ्याला रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती, त्याआधीही नव्हती. बी.ए. सोडून हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे बी.ए.लाही माहीत होतं. पण 'रेल्वे' हा शब्दच त्याला ऐकू आला नव्हता!

"सर, सिहोरा रोड नावाचं स्टेशन जबलपूरच्या पुढे आहे," विलासने साहेबाला सांगितलं. "तुम्हाला तो सिहोरा हवा."

साहेब मटकन खाटेवर बसला. मोठेबाबांकडे बोट करून त्याने क्षीण आवाजात विचारलं, "बट... ओ'मॅली?"

विलासने मोठेबाबांना विचारलं. "अरे मले म्हंजे मले!" मोठेबाबा कळवळून म्हणाले. "तो म्हणे तुले, मी म्हणो मले!"

विलासने अर्थ सांगितला. साहेबाने तोंड ओंजळीत झाकलं. मग त्याचे खांदे हलू लागले. आम्हाला वाटलं, रडतोय. तो हसत होता! वडिलांकडून तुले आणि आईकडून मले, असं स्वतःकडे बोट दाखवत तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. ते ऐकून पहिले मोठेबाबा हसले, मग बाबा, आणि शेवटी हातात वहाण घेतलेले मामाही. वंशावळीतलं 'डॉलट' साहेबाने खोडलं, पण मोठेबाबांचा हात बराच वेळ सोडला नाही. चेन मात्र मोठ्या आईने पदरात धरून त्याला परत केली. विलासने त्याला गोंदियाहून जबलपूरला जाणारी गाडी समजावून दिली आणि साहेब गेला. त्याला त्याची माणसं सापडली की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पाहुणे जेवायला थांबले. विलासला मुलगी पसंत आहे, हे त्याने सांगायची गरजच उरली नव्हती. त्याने चहाचे तीन कप रिचवले होते. मामांनी सुपारी कातरत सांगितलं, "आमची देण्याघेण्याची काही मागणी नाही. एकच अट हाये. लग्नात हा दिवाकर कोनाशीच इंग्रजी बोलणार नाही."

मी खाली मान घातली. आता बाबा तरी माझी बाजू घेतील, या आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

बाबा हात जोडून म्हणाले, "मामाजी, नुसती इंग्रजीच काहून? मराठीबी अटीत लिहून घ्या!"