बोडक्या धोंड्याचा दर्जा

गुरुबसप्पा सर बिलोलीला आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. मूळचे उदगीरचे, घरचं किराणा दुकान. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा त्यांच्या थोरल्या भावानं तिथं दुकान टाकलं आणि यांनाही बोलावणं धाडलं. सर हलले नाहीत. म्हणाले, "तिकडं असले दगड न्हाईत."

आमच्या माळावर घराएवढाले धोंडे पडलेत. एका शिबिरात सर दोराशिवाय धोंडे चढायला शिकून आले होते. गाव हसायचं. मी मराठीचा मास्तर. ते पडले तर सावरायला सोबत जायचो.

शहाऐंशीच्या दुष्काळात माळाखालचा तलाव आटला आणि त्याच्या मधला बोडका धोंडा पार बुडापासून उघडा पडला. सरांना तोच चढायचा होता. खाली अंथरायला कडबा मागणार कुणाला? जनावरांनाच नव्हता. मग सर घरची गादी सायकलवर लादून आणायचे आणि घरी नेली की त्यांची बायको नीलम्मावैनी बडबडत झटकायच्या.

हिवाळ्यात सर एकदाचे वर पोचले. ऐकून हैदराबादचे काही चढणारे आले, झटले, बोटं सोलून घेऊन परत गेले. जाताना म्हणाले, हा तिसऱ्या दर्जाचा.

तेव्हा दर्जे तीनच होते. दोरानं कडे चढणाऱ्यांना जे सगळ्यात अवघड, तेवढा अवघड धोंडा तो पहिला. त्याहून अवघड तो दुसरा. आणि पुष्कळांनी धडपडूनही जो एकालाच जमला, तो तिसरा. मात्र आणखी कुणी चढलं, की तिसरा आपोआप खाली यायचा.

ही बातमी लातूरला गेली. तिथल्या एका नव्या क्रीडा मंडळानं सरांचा सत्कार ठरवला. उदगीरचा माणूस म्हणजे त्यांच्याच जिल्ह्याचा.

त्याच सुमारास शिवकन्याबाई उमरीहून कन्याशाळेत रुजू झाल्या. खो-खो खेळलेल्या, अंगानं चपळ, उंचीनं बेताच्या. एका संध्याकाळी तलावात आल्या. "सर, मी बघू का?"

खालच्या फटीत बोटं रुतवून सर लांब हात टाकायचे आणि वरची खाच धरायचे. बाईंचा हात वीतभर कमी पडला. त्या गादीवर आदळल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा आदळल्या. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सरच म्हणाले, "बाई, हाताचं सोडा. पाय कुठवर जातो तुमचा?"

बाईंनी पदर खोचला, टाच उचलून पार खांद्याजवळच्या कंगोऱ्यावर ठेवली. सरांचे डोळे चमकले. मग रोज तेच. पकड बसावी म्हणून तळहातांना राख फासायची, टाच अडकवायची, अंग वर ओढायचं आणि पडायचं.

"माझ्याच्यानं होत न्हाई, सर."

"होतंय. काल खाच बोटाला लागली का न्हाई?"

मंडळाचे माणिकप्पा सत्काराची तारीख ठरवायला आले, ते नेमके सरावाच्या वेळी. त्यांनी सरांना बाजूला घेतलं. "सत्कार होईपर्यंत बाईंना थांबवा की. त्या चढल्या तर दर्जा उतरंल म्हणं."

सर मोठ्यानं हसले. "उतरावा म्हणून तर शिकवायलोय! एकट्यालाच जमतंय म्हणजे अवघड कशावरून? माझे हात लांब हायत, एवढंच असंल."

माणिकप्पा चहा न घेताच गेले.

होळीच्या आदल्या संध्याकाळी बाईंची टाच बसली, बोटांनी खाच धरली आणि बघता बघता त्या माथ्यावर उभ्या राहिल्या. आपण वर आहोत हे त्यांनाच आधी खरं वाटेना. खाली सर गादीवर नाचत होते. "उतरला! दुसऱ्यात आला! मास्तर, बघितलं का?"

त्यांनी स्वतःच लातूरला आणि हैदराबादला कळवलं. सत्कार बारगळला. भाऊ चिडले. मी हळहळलो, तर सर मला म्हणाले, "आता खरा दर्जा कळला त्याचा. आधी नुसता अंदाज होता."

त्यानंतर सरांना नवंच वेड लागलं. बाईंच्या वाटेनं चढून बघायचं. चाळिशीची कंबर, टाच काही खांद्यापर्यंत जाईना. उन्हाळाभर ते पडत राहिले, आणि कमरेवर हात ठेवून बाई ओरडत राहिल्या, "सर, हात नका टाकू! टाच आधी, टाच!"