दोनदा वदवून घेणाऱ्या आक्का

आक्कांना कुणी काहीही सांगितलं, की मान वर न करता त्या म्हणायच्या, "परत म्हण." ऐकायला कमी येत नव्हतं, कान चांगले तिखट होते. एकदा बोललेल्यावर त्यांचा भरवसाच नसे. गल्ली त्यांना 'परतम्हण आक्का' म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

खोड मूळची शिवणकामातली. कोल्हापुरात त्यांच्या घराला रस्त्याकडच्या दोन खोल्या होत्या. तिथं त्या आठ मशीन मांडून बायकांना शिवण शिकवायच्या. नव्वद-एक्क्याण्णव साली मी तिथंच झबली शिवायला शिकले. बाहीचं माप दोनदा ऐकल्याशिवाय आक्का कात्री उचलत नसत. "कापल्यावर माझ्या नावानं शंख करू नगंस," म्हणायच्या.

तिथून ती खोड मंडईत गेली, एस.टी.त गेली. पेरूवाला "गोड हाय" म्हणाला, की "परत म्हण." खोटं बोलणारा दुसऱ्यांदा अडखळतो, असा त्यांचा ठाम समज. राधानगरीच्या गाडीतला एक कंडक्टर तर त्यांना बघितल्याबरोबर सगळं दोनदा सांगायचा.

पुढं मी वकील झाले आणि एका बड्या वकिलांच्या हाताखाली लागले. त्याच सुमाराला आक्कांच्या घराची जागा मागत एक बिल्डर आला. पाडून इमारत बांधायची होती. आक्कांचा एकच प्रश्न, क्लासचं काय? तो त्यांच्यासमोर बसून म्हणाला, "तळमजल्यावर रस्त्याकडच्या दोन खोल्या क्लासला. शब्द हाय माझा."

"परत म्हण."

तो परत म्हणाला. जसंच्या तसं, हसत. मशीनवरच्या बायका पाय थांबवून ऐकत होत्या. आक्का विरघळल्या.

करार मी वाचला. आक्कांना तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट. खोल्यांचं नावही नव्हतं. मी बिल्डरला विचारलं, तर म्हणाला, "नकाशा मंजूर होऊ दे, मग लिहून देतो की." शेवटी ते नेहमीचं कलम होतं, यापूर्वीचं कोणतंही तोंडी बोलणं या कराराचा भाग समजलं जाणार नाही. आठवड्याला चार करारांत ते मीच घालायचे. डोळ्यांना इतकं सरावाचं झालं होतं, की वाचलं आणि पुढं गेले. आक्कांनी विचारलं, "समदं बरोबर हाय न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली.

इमारत झाली. तळमजल्यावर गाड्या लागल्या. बिल्डर म्हणाला, "तवा मनात होतं, पर पार्किंगच्या नियमात बसंना."

सगळ्या बायका आमच्या ऑफिसात साक्ष द्यायला आल्या. साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, लेखी करार झाला की आधीच्या बोलण्याला कोर्ट सहसा हात लावत नाही. फसवणूक म्हणायची, तर बोलत होता तेव्हाच त्याच्या मनात द्यायचं नव्हतं, हे दाखवावं लागेल.

"मग आम्ही काय बहिऱ्या हाय?" एक जण म्हणाली.

"तुम्ही त्याचं बोलणं ऐकलंत," साहेब म्हणाले. "मन कुणी ऐकलं?"

मी कोपऱ्यात फाइल धरून उभी. दावा लावूया म्हटलं, तर आक्कांनीच हात जोडले. तीन जिने बायकांच्या गुडघ्यांना झेपेनात, महिन्याभरात क्लास बंद पडला. आक्का खिडकीशी एकट्या शिवत बसायच्या. मंडईत पेरूवाला काही बोलला तर नुसती पिशवी पुढं करायच्या. ते बघून मला रडू यायचं.

आता मी पक्षकाराला समोरचा काय काय बोलला ते दोनदा सांगायला लावते आणि कागदावर घेते. लोक वैतागतात. वैतागू देत. आक्कांचा क्लास त्यानं परत येत नाही.

त्या जायच्या थोडं आधी मी धीर करून विचारलं, "आक्का, सहीच्या दिवशी मी हो म्हटलं, तेव्हा मला 'परत म्हण' का म्हणाला न्हाईसा?"

त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "आपल्या माणसाला कुणी दोनदा विचारतं व्हय?"