फ्लायव्हीलचं वजन

मुलीनं तिच्या जुन्या गाडीचं फ्लायव्हील माझ्या लेथजवळ आणून ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, यातलं दीड किलो काढायचंय."

इंजिनामागचं हे बिडाचं जाड चाक हलकं केलं की इंजिन पटकन वेग घेतं. मंगळवेढा रस्त्याला माळावर गाड्यांची शर्यत होती, आणि तिला उतरायचंच होतं.

तीस वर्षं मी सोलापुरात टर्नरचं काम करतोय. यंत्रमागाचे रोलर, पंपांचे शाफ्ट, हाताखालून काय काय गेलं. पण हे चाक लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, बांधलं, सोडलं आणि परत बांधलं. कामाला लागलो त्याच वर्षी शेजारच्या मशीनवरचा ग्राइंडिंगचा दगड फुटताना पाहिला होता. तुकडा पत्रा फोडून बाहेर गेला होता. जास्त पातळ केलेलं चाकही वेगात तसंच फुटू शकतं, आणि हे तर चालवणाऱ्याच्या पायांपुढंच फिरतं.

कुठं किती कापायचं, कुठं हात लावायचा नाही, हे तिनं कागदावर काढून दिलं होतं. क्लचची बाजू सोडून मी मागच्या अंगानं, कडेकडेनं कापत गेलो. काळी भुकटी पडत होती. दर कापानंतर मशीन थांबवून जाडी मोजायचो. मापं बरोबर येत होती, तरी परत मोजायचो. शेवटचे दोन काप राहिले आणि मी मशीन बंद केलं.

संध्याकाळी ती आली. "झालं?"

"व्हय. दीड किलो गेलं."

तिनं चाक काट्यावर ठेवलं. एक किलो शंभर ग्रॅमच कमी झालं होतं.

"भीती वाटत असेल तर तसं सांगा की, पप्पा. पण खोटं माप सांगू नका. मग मी कुणावर विसंबायचं?"

गिऱ्हाइकाला मी कधी चुकीचं माप सांगितलं नव्हतं. मान वर करवेना.

"तुझ्या पायाशी फिरणार हाय ते," एवढंच म्हणालो.

तिनं चाक काट्यावरून उचललं. मग म्हणाली, "राहू दे. एवढंच बसवते."

चाक बॅलन्स करून आणलं आणि तिनं स्वतःच बसवलं.

शर्यतीत गाड्या एकेक करून सोडत होते आणि प्रत्येकीची वेळ मोजत होते. तिच्या इंजिनाचा आवाज चढला. लोक धूळ उडताना बघत होते, मी तिच्या गाडीच्या दाराखालचा पत्रा बघत होतो. ती धडधाकट खाली उतरली तेव्हा कुठं माझी नजर त्या पत्र्यावरून हलली. अर्ध्या सेकंदानं तिचा पहिला नंबर हुकला होता.

परतताना गाडी तिनंच चालवली. मी शेजारी पाय आखडून बसलो होतो.

"वळणावर गिअर उशिरा टाकला मी," ती म्हणाली.

खरंच तसं झालं, की राहिलेल्या चारशे ग्रॅमचं मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.