शेवाळावरच्या दोन रेघा

लोक मला अजून विचारतात, ब्रांदुरची ती निळी गाडी रस्ता सोडून चालायची का गं? विचारणारे बहुतेक नव्या संसारातले असतात. पदरात दोन पोरं, मोठी जीप परवडत नाही, आणि हिवाळ्यात घराबाहेर पडायची सोय तर हवी. मी सांगते, चालायची, झकास चालायची. एवढं सांगून विषय बदलते, कारण पुढचं सांगायला तोंड लागतं आणि ते मला नाही.

ब्रांदुर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, हेर्डिसचा नवरा. तीनशे मेंढ्या, चार मुली, आणि पलीकडच्या गावातल्या पाद्र्याकडून घेतलेली लांबोडकी निळी गाडी. तिच्या गाद्यांना शेवटपर्यंत पाद्र्याच्या तपकिरीचा वास यायचा. इंजिनाचा जोर चारही चाकांना, पण दिसायला अगदी पोरांना शाळेत सोडायची गाडी. आमच्या खोऱ्यात पुरुषाची किंमत त्याच्या चाकाच्या उंचीवरून ठरते. आमच्या गावातल्या कोलबेनच्या जीपमध्ये चढायला मला स्टूल लागायचं. हा कोलबेन ब्रांदुरच्या गाडीला ‘जीपचं पिल्लू’ म्हणायचा, आणि रस्त्यात भेटला की काच खाली करून विचारायचा, “काय रे, आईला कुठे सोडून आलास?”

ब्रांदुर हसायचा. तो मुळात थंड डोक्याचा माणूस. नदी लागली की आधी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः पाण्यात उतरायचा, तळ पायाने चाचपायचा आणि मगच गाडी घालायचा. बर्फात चाकांची हवा कमी करायचा आणि जीपवाले बोनेटपर्यंत रुतले असताना बाजूने हळूच निघून जायचा. गाडी हलकी, म्हणून रुतत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. फुशारकी त्याने कधी मारली नाही. ती मारायची हौस मला होती, त्याच्या वतीने.

एकाच गोष्टीवरून त्याचं डोकं फिरायचं, ते म्हणजे शेवाळ. आमच्याकडे वरच्या बाजूला लाव्हाच्या दगडांवर करडं शेवाळ आहे, हात घातला तर मनगटापर्यंत जातो. त्यावर गाडीचं चाक गेलं की ती रेघ पन्नास वर्षं जात नाही. म्हणून वर रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्यापेक्षाही बेअब्रू आहे. पंचायतीने ब्रांदुरला कुरणाचा राखणदार नेमलं होतं. उन्हाळाभर तो दाताळं घेऊन फिरायचा, परक्यांनी पाडलेल्या रेघा बुजवायचा, आणि कुणी सापडला तर त्याला गाडीतून उतरवून गुडघ्यावर बसवायचा आणि दाबलेलं शेवाळ बोटांनी उचलायला लावायचा. एकदा खुद्द कोलबेनचं मागचं चाक वळणावर हातभर बाहेर गेलं. ब्रांदुरने गावच्या पत्रकात त्याचं नाव छापलं. निळ्या गाडीची चेष्टा कोलबेन थट्टेत करायचा, पण त्या अंकानंतर त्या थट्टेला धार आली.

नऊ वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गोष्ट. डोंगरावर चरायला सोडलेल्या मेंढ्या खाली आणायचा तो आठवडा. घोडेस्वार आधीच वर गेले होते. स्वयंपाक दरवर्षीप्रमाणे माझ्याकडे, म्हणजे मटणाचं सूप, सलगम, बटाटे, भाकऱ्या आणि बादलीभर कॉफी. सामान कोलबेनच्या जीपने न्यायचं ठरलं होतं. निघताना त्याने सगळ्यांसमोर ब्रांदुरच्या गाडीच्या टपावर थाप मारली आणि म्हणाला, “दाग्नी, तू माझ्याबरोबर ये. पिल्लू वर पोचेपर्यंत मेंढ्या आपल्या पायांनी खाली येतील.”

माझा पारा चढला. मी पातेली उचलून निळ्या गाडीत ठेवली आणि ब्रांदुरच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आपण याच्या आधी पोचू. ब्रांदुर म्हणाला, शर्यत कशाला, सूप सांडेल. पण तोही चिडला होता, त्याच्या मानेवरून मला कळत होतं.

नदीवर आम्ही कोलबेनला गाठलं. त्याची जीप खोल पाण्यातून दिमाखात गेली आणि पलीकडे वाळूत बसली. ब्रांदुरने नेहमीप्रमाणे पाण्यात उतरून तळ बघितला, वरच्या अंगाला उथळ जागा शोधली आणि गाडी तिरकी घालून बाहेर काढली. आम्ही मदतीला थांबलो, पण कोलबेनने हाताने ‘जा, जा’ केलं. फावडं आणि माणसं त्याच्याकडे होती, दहा मिनिटांत तो निघणार होता. आम्ही पुढे निघालो आणि लगेच धुकं उतरलं.

मेंढ्या हाकणारे वर डोंगरात ज्या निवाऱ्यात मुक्काम करतात, त्याच्या अलीकडे एक लांब उतार आहे. रस्ता त्याला वळसा घालून जातो. त्या वर्षी पावसाने वळशाचा रस्ता खणून काढला होता, त्यामुळे पाऊण तास जास्त लागणार होता. उतारावरून सरळ गेलं तर चारशे पावलं. मागे जीपचा आवाज येऊ लागला. ब्रांदुरने वळणाशी गाडी थांबवली.

मी म्हणाले, “ही गाडी कुठेही चालते ना? की फक्त पाद्र्याला घेऊनच चालते?”

“खाली शेवाळ आहे, दाग्नी.”

“धुकं आहे. कोण बघतंय?”

हे मी बोलले. चूक त्याची असं आता कुणी माझ्यासमोर म्हटलं, की माझ्या कानात माझंच वाक्य वाजतं आणि मान खाली जाते.

त्याने गाडी सरळ घातली. मला वाटलं होतं घसरेल, अडकेल, मग आपण शिव्या घालत मागे येऊ. तसं काही झालं नाही. चाक एकदाही जागच्या जागी फिरलं नाही, पातेल्यातलं सूप हललं नाही. गादीवरून चालल्यासारखं वाटत होतं, आवाजसुद्धा नव्हता. पलीकडे रस्त्याला लागल्यावर ब्रांदुर हसला. लहान मुलासारखं हसू होतं ते, आणि मीही हसले.

निवाऱ्यात आम्ही कोलबेनच्या बरीच मिनिटं आधी पोचलो. घोडेस्वारांनी टाळ्या वाजवल्या. तिथे भाड्याच्या छोट्या गाडीतून आलेलं एक परकं जोडपं मोजे वाळवत बसलं होतं, त्यांनाही मी वाटीभर सूप दिलं. कोलबेन आला, जेवला आणि बाहेर जाऊन गाड्यांपाशी जरा वेळ उभा राहिला. मला वाटलं, हरल्यामुळे तोंड लपवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातच ते जोडपं निघून गेलं. दहाच्या सुमाराला धुकं उठलं आणि समोरचा उतार दिसला. करड्या शेवाळावर दोन काळ्या रेघा, वरून खालपर्यंत, कुणी पट्टी धरून मारल्यासारख्या. अडकली असती गाडी तर थोडंसंच खराब झालं असतं. गाडी चांगली होती म्हणून रेघा पूर्ण होत्या.

सगळे अंगणात येऊन उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, ते भाड्याच्या गाडीवाले. दुसरा म्हणाला, बघा ना, चाकं अरुंद आहेत, जीपची नाहीत. ब्रांदुरचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कॉफी ओतत राहिले. कोलबेनने पोलिसांना फोन लावला आणि पोलिसांनी खाली पेट्रोलपंपावर त्या दोघांना अडवलं. ते म्हणत होते, आम्ही नाही. असं तर प्रत्येकच जण म्हणतो.

कुरणाचा राखणदार म्हणून रेघा मोजायचं काम ब्रांदुरकडे आलं. तो टेप घेऊन उतारावर गेला. दोन चाकांमधलं अंतर, पट्ट्याची रुंदी, रेघांची लांबी, सगळं त्याने कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. त्या कागदावर एकही आकडा खोटा नव्हता. निळी गाडी तिथून वीस पावलांवर उभी होती आणि तिला टेप लावावा असं कुणाच्याही मनात आलं नाही. त्याला वाटलं होतं, सही करायच्या आधी आपल्या तोंडून निघेल. नाही निघालं. हे त्याने मला पुढे खूप वर्षांनी सांगितलं. त्या कागदाच्या आधारावर त्या जोडप्याला दंड झाला.

पुढच्या वसंतात त्याने गाडी विकली आणि एक जुनी, मोठ्या चाकांची जीप घेतली. कोलबेनने त्यावरून काहीच चेष्टा केली नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. दर जूनमध्ये ब्रांदुर एकटाच त्या उतारावर जायचा. इतर ठिकाणी मुलींना घेऊन जायचा, तिथे नाही. गुडघ्यावर बसून शेवाळाचे तुकडे लावायचा, त्यातले निम्मे वाळून जायचे. लोक म्हणायचे, केवढा जीव आहे याचा कुरणावर. परक्यांना गुडघ्यावर बसवणं मात्र त्याने बंद केलं. कुणी सापडला तर हळू आवाजात सांगायचा आणि सोडून द्यायचा. मेंढ्या हाकणाऱ्यांचा म्होरक्या म्हणून त्याचं नाव दोनदा आलं, दोनदा त्याने नाही म्हटलं. हेर्डिस मला विचारायची, याला झालंय तरी काय? मी म्हणायचे, वय झालं. सख्ख्या बहिणीशी मी नऊ वर्षं खोटं बोलले.

गेल्या शरदात, खाली आणलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या करून झाल्यावर, दुपारी गावच्या सभागृहात कॉफी होती. ब्रांदुरला राखणदार होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून पंचायतीने त्याचा सत्कार ठेवला होता. अध्यक्ष आता कोलबेन. त्याने लाकडावर कोरलेली पाटी दिली आणि चार शब्द बोलायला सांगितलं. ब्रांदुर उभा राहिला. पाटी त्याने टेबलावर पालथी ठेवली.

“उतारावरच्या त्या रेघा माझ्या आहेत,” तो म्हणाला. “निळ्या गाडीच्या. मी मुद्दाम गेलो.”

मी उठून उभी राहिले. म्हटलं, मी शेजारी बसले होते, मीच डिवचलं त्याला. आता काय ते होऊ दे, अशा तयारीने मी टेबलाची कड धरून उभी होते. पण कुणी चकित झालं नाही. लोक आपापल्या कपात बघत होते.

“माहीत आहे रे,” कोलबेन म्हणाला. “तुमच्या मागूनच तर येत होतो मी. तुझ्या मडगार्डमधलं शेवाळ त्याच दिवशी मी उपटून टाकलं. बस आता, कॉफी निवतेय.”

ब्रांदुरने एकेका चेहऱ्याकडे बघितलं. “सगळ्यांना माहीत होतं?”

“सगळ्यांना नाही. ज्यांना डोळे आहेत त्यांना.”

“मग फोन का केलास तू?”

“रेघा दिसत होत्या. कुणीतरी लागणारच होतं,” कोलबेन म्हणाला. आवाजात कुचकेपणा नव्हता. उलट उपकार केल्यासारखा मऊ होता तो. “तू आमचा आहेस.”

“आणि ते दोघं?”

मग कुणाच्या तरी बायकोने पॅनकेकचं ताट पुढे सरकवलं आणि गप्पा मेंढ्यांच्या वजनावर गेल्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपण चोरून काही वाहतोय असं नऊ वर्षं समजत होतो, आणि अख्खं गाव ते ओझं आमच्या पाठीवर बघत कॉफी पीत होतं. ब्रांदुरला माफ करायला त्यांना काहीच लागलं नव्हतं. किंमत दुसऱ्यांनीच मोजली होती.

सोमवारी आम्ही दोघं खालच्या गावातल्या पोलीसचौकीत गेलो. काउंटरवर तरुण मुलगी होती. ब्रांदुरने सगळं सांगितलं आणि दंड भरायचाय म्हणाला. तिने कॉम्प्युटरमध्ये शोधलं.

“तो दंड भरलेला आहे. प्रकरण बंद आहे.”

“चुकीच्या माणसांनी भरलाय.”

“तसं असतं तर त्यांनी तक्रार केली असती,” ती म्हणाली, आणि मग पडद्याकडे बघून थांबली. “केली होती. तीन पत्रं आहेत. एकालाच उत्तर गेलंय, सोबत राखणदाराचा मोजमापाचा कागद जोडून.”

ब्रांदुर काउंटरला टेकला. त्याने पत्रं बघायला मागितली. नियमात बसत नव्हतं बहुधा, पण त्याचा चेहरा बघून तिने पडदा आमच्याकडे वळवला. शेवटचं पत्र लहान होतं, आमच्या भाषेत, शब्दकोश उघडून लिहिलेलं. आम्ही निघालो तेव्हा रेघा तिथे आधीच होत्या, असं त्यात होतं. आणि खाली होतं, निवाऱ्यात स्वयंपाक करणारी बाई आदल्या दिवशी त्याच बाजूने आली होती. ती चांगली बाई आहे. तिने रेघा पाहिल्या असतील. कृपया तिला विचारा.

“ही बाई कोण, माहीत आहे का?” मुलीने विचारलं.

ब्रांदुरने माझ्याकडे बघितलं नाही.

“मी,” मी म्हणाले.