सोमवारचे बोंबील

दारावर मासे आणणाऱ्या कोळणीचे नाव मला माहीत नाही. पण आळीत कुणाचा कोणता उपास, ते तिला पाठ. सोमवारी ती माझ्या दारासमोरून न थांबता जायची.

गेल्या महिन्यात टोपली उतरवताना ती म्हणाली, "बाय, रगतात चरबी वाढलीय. डाक्टर बोलला, गोली घे, न्हायतर म्हातारपणी इसरायचा आजार होऊ शकतो." आणि हसली. मला हसू येईना. माझ्याही रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलेच होते.

काल मी तिच्याकडून बोंबील घेतले, धुतले, तव्यावर टाकले. तेवढ्यात ती धापा टाकत परत आली.

"बाय, आज सोमवार! मी इसरले. पन तू कशी गो घेतलंस?"

मी गॅस बंद केला. फडताळातून गोळ्या काढल्या. शेवटची कधी घेतली, ते आठवेना.