अमरकंदवाल्या सिस्टर

सिस्टरांच्या अंगणातून बाहेर पडणाऱ्या माणसाला फाटकाशी थांबून दोन्ही हात पुढे करावे लागत. तळवे नव्हे, नखं. त्या कपाळावरचा चष्मा खाली ओढायच्या, एकेक नख बघायच्या आणि मगच कडी काढायच्या. गॅसची टाकी आणणाऱ्यालाही सुटका नव्हती. मी पहिल्यांदा आत जाऊन बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं, आरोग्य खात्यात आयुष्य काढलेल्या बाईंची ही स्वच्छतेची तपासणी असेल. मी हसून म्हणालो, "हात धुऊन आलोय, सिस्टर."

त्या हसल्या नाहीत. "धुतलेलेच जास्त बघते मी. माती उकरनारा मानूसच हात धुतो."

त्यांचं नाव सुलोचना हणमंते, पण उमरीत सगळे सिस्टरच म्हणत. उभी नोकरी त्यांनी इस्लापूरच्या बाजूला, जंगलातल्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करत आणि लसी टोचत काढली. यजमान लवकर गेले. एकुलती मुलगी लग्न होऊन लातूरला. निवृत्त झाल्यावर त्यांनी उमरीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर बांधलं. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मागच्या अंगणात रंगाचे रिकामे डबे, फुटके माठ, थर्मोकोलची खोकी. आणि त्या सगळ्यांत अमरकंद.

मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. ऑर्किड म्हटलं की लोकांना फांदीवर लटकणारं फूल आठवतं. अमरकंद, म्हणजे पुस्तकातला युलोफिया, हे जमिनीत वाढणारं ऑर्किड. वर्षातले सहा-सात महिने मेल्यासारखं पडून असतं. मग ज्येष्ठाच्या सुमाराला, पानं यायच्याही आधी, कोरड्या मातीतून हातभर दांडा वर येतो आणि त्याला पिवळसर फुलं लागतात. मधल्या पाकळीवर तांबूस रेषा. पाठोपाठ हळदीसारखी रुंद, चुण्या पडलेली पानं. दिवाळीनंतर तीही वाळतात. जमिनीखाली कंदाला कंद जोडलेला असतो, आणि तोच त्याचा घात करतो. औषधी म्हणून विकला जातो, त्यामुळे जंगलातून पोत्यांनी उपसला जातो. आमच्या काळ्या मातीत तो जगत नाही. पाणी धरलं की सडतो. म्हणून हे अंगण बघायची मला ओढ होती.

आत जायला मला सहा महिने लागले. तोवर चहा फाटकाबाहेर मिळायचा. "तुमी कुनाच्या सांगन्यावरून येऊन राहिले?" हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारला की उत्तर देताना मलाच खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं. एक दिवस प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक बाई येऊन गेल्या होत्या. या नावाचे, मिशीवाले, डाव्या पायाने जरा लंगडणारे सर खरंच आपल्याकडे आहेत का, आणि ते काय शिकवतात, अशी चौकशी करून. त्याच संध्याकाळी फाटक उघडलं. पुढच्या रांगेतले डबे दाखवत त्या म्हणाल्या, "ह्याच्यात नुसता रानकांदा हाय. चोरासाठी ठेवलाय. खरं मागं हाय."

खरं मागे होतं आणि ते बघून मी थक्क झालो. मुरूम, सागाचा कुजका पाला आणि विटांचे तुकडे यांच्या मिश्रणात चाळीसेक कंद. दिवाळी ते ज्येष्ठ त्या डब्यांना पाण्याचा थेंब मिळत नसे. मी एकदा भर एप्रिलात भेगाळलेली माती बघून न राहवून म्हणालो, थोडं शिंपडूया का? त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"पानी म्हंजे माया न्हाई, सर. झोपलेल्या लेकराला उठवून दूध पाजता का तुमी? त्याला भूक लागली की ते रडतंय. तवा पाजायचं."

हा एवढा संशय कुठून आला, ते त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं. इस्लापूरला असताना एक भला दिसणारा माणूस त्यांच्याकडे आला होता. वैद्य आहे म्हणाला, अभ्यास करतो म्हणाला. सहस्रकुंडच्या धबधब्याअलीकडे एक उतार होता. पावसाच्या तोंडावर तो अख्खा पिवळा व्हायचा. गावोगाव पायी फिरल्यामुळे तो सिस्टरांना ठाऊक होता. त्यांनी त्या माणसाला तिथे नेलं, फुलं दाखवली, स्वतःच्या डब्यातली भाकरीही दिली. पंधरा दिवसांनी तिकडून जाताना पाहिलं, तर उतारावर नुसते खड्डे.

"बोट मी दाखवलं," त्या म्हणाल्या. "खनलं त्यानं, पर बोट माझं होतं." पुढे म्हणाल्या, "तवापासून मी मानसाला आधी चोर समजते. चोर न्हाई निघाला तर मला आनंद होतो. लई कमी वेळा होतो."

आता माझं सांगतो.

अंगणातले डबे वाढत होते. चाळीसचे साठ झाले, साठाचे ऐंशीच्या वर गेले. सिस्टर म्हणायच्या, बियांची रोपं आहेत. अमरकंदाचं बी पिठासारखं बारीक असतं. त्याला स्वतःचं अन्न नसतं; मातीतली एक विशिष्ट बुरशी मिळाली तरच ते रुजतं. प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत ते रुजवणं किती अवघड आहे, हे मी दर वर्षी मुलांना शिकवत होतो. आणि ही बाई म्हणत होती, रंगाच्या डब्यात रुजतं. दर महिन्याला त्या सकाळच्या बसने इस्लापूरकडे जात, खांद्याला खाकी पिशवी लावून. संध्याकाळी परतत तेव्हा पिशवीच्या वजनाने एका बाजूला कललेल्या असत. "काय आणलंत, सिस्टर?" विचारलं की म्हणत, "तुमाला काय करायचं?"

मी दोन आणि दोन चार केले. ही बाई जंगलातून कंद खणून आणते. चोर-चोर म्हणत फिरते ती त्याचसाठी.

पिशवी उघडून बघणं सोपं होतं. सरळ तोंडावर विचारणं त्याहून सोपं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. सिस्टर संशय घ्यायच्या तो समोरच्याच्या डोळ्यांत बघून. माझा संशय पाठीमागून बोलला. एका लग्नाच्या पंगतीत वनखात्यातल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याशेजारी बसलो होतो. बोलता बोलता मी म्हणालो, "आमच्याकडे एका बाईंच्या घरी जंगलातल्या ऑर्किडचे ऐंशी कंद आहेत. कुठून येतात कोण जाणे." एवढंच. तक्रार नव्हती, अर्ज नव्हता. जिलेबी खात खात बोललो.

मार्चमध्ये जीप आली. मी कॉलेजात होतो. चौकशी होईपर्यंत म्हणून सगळे डबे, माठ, खोकी उचलून कचेरीच्या आवारात नेली. मी संध्याकाळी गेलो तेव्हा सिस्टर रिकाम्या अंगणात उभ्या होत्या. जमिनीवर डब्यांच्या बुडांचे गोल तेवढे उमटलेले होते. त्या कुणाकुणाची नावं घेत होत्या: गॅसवाला, मीटर बघायला येणारा, शेजाऱ्यांचा नायगावचा जावई. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमी त्या हापिसात जाऊन सांगा. पानी घालू नका म्हनावं. मला कुनी आत सोडेना."

मी गेलो. तिथला चौकीदार मनापासून चांगला माणूस होता. उन्हाने झाडं वाळलीत म्हणून सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी देत होता. मी त्याला थांबवलं, पण पाच दिवस पाणी पडून गेलं होतं. एका डब्यात बोट घातलं तर कंद लोण्यासारखा दबला आणि वास आला.

चौकशीतून काहीच निघालं नाही. मे महिन्यात डबे परत मिळाले. ऐंशीतले अकरा कंद जिवंत होते. त्यांतही मोठे कमीच.

सिस्टरांनी शेवटी ठरवलं, की हे काम शेजारच्या शोभाताईंचं. शोभाताई पाटलांच्या घरच्या. त्यांचं शेत सिस्टरांच्या कुंपणाला लागून. दोघींची वीस पावलांची ये-जा, सणाला ताटं द्यायची-घ्यायची पद्धत. गेल्या वर्षी कुंपणावरून जरा बोलाचाली झाली होती, तेवढंच कारण पुरलं. सिस्टर भर रस्त्यात शोभाताईंना म्हणाल्या, "तुझ्या घरचं पानीसुद्धा मला आता गलत वाटतंय." शोभाताई रडत घरात गेल्या. मी तिथेच उभा होतो.

त्याहून वाईट वाक्य सिस्टरांनी मला घरात आल्यावर ऐकवलं. "ह्या गावात तुमच्यावरच तेवढा भरोसा हाय, सर."

ज्येष्ठात त्या म्हणाल्या, गुडघा साथ देत नाही, माझ्याबरोबर इस्लापूरला चला. खाकी पिशवी त्यांनी माझ्या खांद्याला दिली. जातानाच ती जड होती. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि पहिल्यांदा आत बघितलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेले कंद होते. त्या अकरांतले सहा.

बस सोडून आम्ही रानात शिरलो. तासभर चाललो. सिस्टर दर थोड्या वेळाने थांबून मागे कुणी येत नाही ना बघत होत्या. मग झाडीतून बाहेर आलो आणि समोर तो उतार दिसला. सागाच्या वाळक्या पानांतून ठिकठिकाणी पिवळे दांडे उभे होते. दाट नव्हते, इथे दोन, तिथे पाच. त्यांच्याजवळच्या जुन्या खड्ड्यांच्या कडा पावसांनी बुजत आल्या होत्या.

"समदे माझ्या हातचे हाईत," सिस्टर म्हणाल्या. "घरी वाढवायचे, हितं लावायचे. जाताना हितली पिशवीभर माती न्यायची. ह्या मातीबिगर बी उठत न्हाई, मी लई बघितलं करून. डब्यात ही माती पसरायची, वरून बी टाकायचं आन विसरून जायचं. तिसऱ्या वर्षी गवताच्या पात्यावानी वर येतंय."

पुस्तकातली बुरशी ती बाई पिशवीतून वाहून नेत होती. मी खाली बसलो. त्यांना वाटलं, चालून दमलो. पाण्याची बाटली पुढे केली. बाटली हातात घेऊन मी सगळं सांगून टाकलं: लग्न, पंगत, अधिकारी, माझं ते एक वाक्य.

त्यांनी बाटली माझ्या हातातून परत घेतली. मग पिशवीतलं खुरपं काढून एकेक कंद लावू लागल्या. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "हात लावू नका." सहाही लावून झाल्यावर उठल्या आणि पुढे चालू लागल्या. बसमध्ये पुढच्या बाजूला एका अनोळखी बाईशेजारी बसल्या. उमरीला उतरून मी आपल्या वाटेने निघालो, तेवढ्यात मागून हाक आली.

"कुठं चालले? आधी शोभाच्या घरी."

"मी?"

"दोघंबी. तुमी गुन्हा केला, मी तिच्या माथी मारला."

शोभाताई दारात गहू निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला. सिस्टर, ज्यांना मी आजवर कुणापुढे नरमलेलं पाहिलं नव्हतं, पायरीवर बसल्या. "शोभा, ते तू न्हाई केलं. ह्या सरांनी केलं. मी तुला रस्त्यात बोलले ते रस्त्यातच परत घ्यायला पायजे, पर माझा गुडघा दुखून राहिला. हितंच घेते." मी हात जोडले. शोभाताई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. सिस्टरांना म्हणाल्या, "आक्का, तुमी मला इचारलं असतं तर?" सिस्टर म्हणाल्या, "हाव. तेच चुकलं." मग आतून पाणी आलं, दोन पेले. सिस्टरांनी एका दमात पेला रिकामा केला.

मला त्यांनी क्षमा केली का, हे मला कधीच कळलं नाही. पाच-सहा महिन्यांनी फाटक पुन्हा उघडलं. मी चाचरत विचारलं, राग गेला का? त्या म्हणाल्या, "रागाचं सोडा. आता तुमच्यावर बाकीच्यांइतकाच संशय हाय. जास्ती न्हाई." माझ्याकडे त्यांनी मुरूम चाळायचं काम दिलं. बियांची बाटली मात्र कपाटात, किल्ली कमरेला.

मग हृदयाचं दुखणं निघालं आणि मुलगी त्यांना लातूरला घेऊन गेली. अंगणातले उरलेले डबे शोभाताईंकडे आले, माझ्याकडे नाही. उताराचा रस्ता मात्र आम्हा दोघांनाच माहीत होता. त्या वर्षी ज्येष्ठात मी एकटा जाऊन आलो आणि लातूरला त्यांच्या भेटीला गेलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीशी, त्या उशीला टेकून बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. ख्यालीखुशाली झाली नाही. "गेलते का?"

"गेलो होतो."

"किती दांडे?"

"त्रेचाळीस."

त्यांनी हात पुढे केला. मी मोबाईल दिला. उताराचे मी सात-आठ फोटो काढले होते. चष्मा खाली ओढून त्या एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघू लागल्या. ओठ हलत होते. मुलगी चहा ठेवून गेली, चहावर साय धरली, तरी त्यांचं चाललंच होतं. मधेच मागे जाऊन त्यांनी एक फोटो पुन्हा पाहिला. शेवटी मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "एकेचाळीस. दोन दांडे तुमी दोनदा धरले, सागाच्या बुडातले. दोन बाजूंनी फोटो काढला हाय."

मी तिथेच मोजून बघितलं. एकेचाळीसच होते.

पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. पुढच्या ज्येष्ठात मी शोभाताईंना विचारून, त्यांना सोबत घेऊन उतारावर गेलो. त्या वरून मोजत आल्या, मी खालून. मधे भेटल्यावर आम्ही आकडे सांगितले, ते जुळले नाहीत. शोभाताई म्हणाल्या, "पुन्यांदा मोजू." आणि आम्ही पुन्हा मोजायला लागलो.